तिजोरीवरचा राउटर



गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बार्शीला माझ्या मावसभावांकडे चार दिवस मुक्काम होता. त्यांची भुसार मालाची आडत तीन पिढ्यांची. रस्त्याला तोंड करून पेढी, तिच्यामागे चौक, चौकाभोवती स्वयंपाकघर, देवघर व राहत्या खोल्या, अगदी शेवटी गोदाम; आणि वरच्या मजल्यावर दोन भावांची बिऱ्हाडे. रुंदी अठ्ठावीस फूट, लांबी जवळजवळ शंभर फूट. खालच्या भिंती दगडी, दीड ते दोन फूट जाडीच्या; वरचा मजला अलीकडे आरसीसीत बांधलेला. पेठेतील आपली बहुतेक घरे थोड्याफार फरकाने याच घडणीची असतात, म्हणून या एका घराची हकीकत सविस्तर सांगतो.

मी पोहोचलो त्या संध्याकाळी घरात वायफायवरून धुसफूस चालली होती. गोदामाच्या दारात ई-वे बिल निघेना, म्हणून भरलेला ट्रक तासभर खोळंबला होता. धाकट्या भावाची कन्या सी.ए.च्या परीक्षेची तयारी करते. तिचे ऑनलाइन वर्ग ऐन महत्त्वाच्या ठिकाणी थिजत. थोरले दादा म्हणत होते, "पेढीवर तर सुरळीत चालते. मग तक्रार कशाची?" धाकट्या वहिनी काही बोलल्या नाहीत, परंतु पेढी म्हणजेच सगळे घर का, हा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट होता. शेवटी एका विक्रेत्याला बोलावले गेले. त्याने पेढीच्या गादीवर बसून चहा घेतला आणि आतल्या उंबरठ्यावर पाऊलही न ठेवता सहा यंत्रांचे दरपत्रक लिहून दिले.

दरपत्रक माझ्या हाती आले, तेव्हा मी एवढेच विचारले, "सध्याचा राउटर कोठे आहे?" तो तिजोरीवर होता. एका बाजूस लोखंडी कपाट, दुसऱ्या बाजूस रस्त्याकडचे पत्र्याचे शटर. तेथेच का ठेवला, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. फायबरची तार पुढच्या भिंतीतून आत आली, विजेचा सॉकेट तिजोरीजवळ होता आणि जोडणी करणाऱ्या मुलास पुढच्या कामाची घाई होती. शंभर फुटी घरात कोणाला किती सिग्नल मिळावा याचा निर्णय पाच वर्षांपूर्वी एका सॉकेटने करून टाकला होता. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच घडलेले आहे.

प्रथम थोडे मूलभूत. वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. १८९०च्या दशकात जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात याच कुळातील सूक्ष्म लहरी भिंतीपार पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. लहर भिंत ओलांडते हे खरे. परंतु प्रत्येक भिंत तिच्याकडून जकात घेते. लाकडी फळीची आडभिंत थोडी घेते, विटांची अधिक, दगडी व आरसीसी त्याहून पुष्कळ. लोखंड आणि आरसा तर लहर जवळजवळ परतच फिरवतात. आपला घरगुती राउटर सामान्यतः दोन पट्ट्यांवर बोलतो : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती भिंतींतून बरी निभावते, पण तिच्यावर गर्दी फार. दुसऱ्याची लहर त्याच्या निम्म्याहून आखूड. ती वेगवान व मोकळी, पण भिंतीपुढे लवकर दमते. भारतात पहिला पट्टा २००५ मध्ये आणि दुसऱ्याचा बराच भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. परवाना नाही, म्हणजे शेजाऱ्यांचे राउटरही त्याच पट्ट्यांवर बोलणार, हे ओघानेच आले. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो.

आणखी दोन गोष्टी सर्वसाधारणपणे ध्यानात येत नाहीत. पहिली : हा व्यवहार दुतर्फी आहे. राउटरचा आवाज फोनला ऐकू जाणे पुरेसे नाही. फोनचा आवाज राउटरपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि फोनचा आवाज नेहमीच लहान असतो. म्हणूनच मोठमोठ्या अँटेनांचा, 'जबरदस्त रेंज'चा राउटर आणला, तरी फोनवर सिग्नलच्या रेघा भरलेल्या दिसतात आणि काम मात्र अडते. दुसरी : एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येते. दूरच्या खोलीतला, दुबळ्या सिग्नलवरचा फोन तीच माहिती पाठवण्यास कितीतरी अधिक वेळ घेतो आणि तोवर बाकीचे सारे थांबतात. बँकेच्या काउंटरवर एखाद्याची स्लिप पुन्हा पुन्हा चुकत राहिली की मागची रांग खोळंबते, तसेच हे. एका कोपऱ्यातील अडचण सगळ्या घराचा वेग खाते. तेव्हा मागच्या खोलीची सोय करणे हा काही तिच्यावर उपकार नव्हे. पेढीचा वेगही त्यातूनच सुधारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कामाला लागलो. आरंभी मूळ जोडणीची परीक्षा केली. लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडून वेग पाहिला. कंपनीने कबूल केलेला वेग पुरेपूर मिळत होता. ही पायरी कोणीही वगळू नये. तारेवरच वेग कमी असेल तर दोष सेवेचा, आणि मग घरभर यंत्रे टांगूनही उपयोग नाही. येथे तार निर्दोष ठरली. दोष घराच्या आत होता.

नंतर मी चौकटीच्या कागदावर दोन्ही मजल्यांचा नकाशा काढला, भिंतींची जाडी लिहिली, लोखंडी कपाटे, आरसे आणि पाण्याची टाकी यांच्या खुणा केल्या. कोणाला कोठे इंटरनेट लागते याची यादी भावांनी सांगितली : पेढी, गोदाम, मुलीचा अभ्यास, वरच्या दोन बैठका, स्वयंपाकघर. तरीही मी नियम असा केला की यादीत असो वा नसो, प्रत्येक खोलीत जाऊन माप घ्यायचे. खतावणीतले एखादे खाते लहान आहे म्हणून ताळ्यातून वगळता येत नाही.

माप घेणे सोपे आहे. अँड्रॉइड फोनवर सिग्नल दाखवणारी विनामूल्य ॲप मिळतात. आकडा 'डीबीएम' या एककात आणि उणे चिन्हासह येतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम. व्हिडिओवर अखंड बोलायचे तर उणे ६७ पर्यंत असावा. उणे ७० पुढे कुरकुर सुरू होते. उणे ८० पुढे जोडणी केवळ नावापुरती. या आकड्यांचा हिशेब साध्या वजाबाकीचा नाही, हे आपल्या व्यापारी मनाने विशेष लक्षात ठेवावे. दहाने घट म्हणजे शक्ती दहावा हिस्सा, वीसने घट म्हणजे शंभरावा.

पेढीच्या गादीवर उणे ४२. चौकात उणे ६१. स्वयंपाकघरात उणे ७०. वर मधल्या भावाच्या बैठकीत उणे ७२, मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत उणे ८१. गोदामाच्या दारात उणे ८४, आत काहीच नाही. दादा कागदाकडे पाहत राहिले. पेढीवरून ते खरेच बोलत होते. गोदामातून मधले भाऊ खरे बोलत होते आणि अभ्यासाच्या खोलीतून मुलगी. अनेकांताचा पाठ आपण प्रवचनात वर्षानुवर्षे ऐकतो. त्या दिवशी तो चौकटीच्या कागदावर आकड्यांत लिहिलेला होता.

शेवटची खोली गोदामाला लागून असलेली, काकींची. काका जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांची एकुलती एक मुलगी मस्कतला असते. यादी करताना काकींचे नाव कोणी घेतले नव्हते. वाईट हेतूने नव्हे. सामायिक, पूजा आणि थोडे वाचन यात रमणाऱ्या वृद्धेला इंटरनेट ते काय लागणार, असे सर्वांनी धरून चालले होते. फोनवर आकडा आला उणे ८६, सगळ्या घरातला सर्वांत दुबळा. मी तो लिहीत असताना काकी सहज म्हणाल्या, "इथे नाहीच येत हो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येतो. चौथीवर पुन्हा जातो."

मी बाहेर येऊन जिन्यावर माप घेतले. तिसऱ्या पायरीवर उणे ६४ होते.

काकी रोज संध्याकाळी जिन्यात बसतात, हे घरात सर्वांना ठाऊक होते. त्यांना तेथला वारा आवडतो, अशी सर्वांची समजूत होती. मस्कतला नातवंड झाल्यापासून मुलीशी बोलण्यासाठी त्या गुडघेदुखी सोसत त्या दगडी पायरीवर जाऊन बसत. आम्ही यंत्राने जे शोधत होतो, ते त्यांनी केवळ कानाने, एकेक पायरी तपासून, दोन वर्षांपूर्वीच शोधून काढले होते. दादांनी विचारले, "काकी, कधी बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "तुमच्या धंद्याचे असते ते. त्यात माझे कशाला?" त्यानंतर वायफायवरून वाद असा त्या घरात झाला नाही.

आता योजनेकडे येतो. ज्या यंत्राला आपण राउटर म्हणतो, त्यात दोन कामे एकत्र असतात : बाहेरचे इंटरनेट घरात वाटणे आणि रेडिओने ते फोनपर्यंत पोहोचवणे. दुसरे काम करणारे स्वतंत्र यंत्र म्हणजे ॲक्सेस पॉइंट. मोठ्या घरात एकाच यंत्राने ओरडण्यापेक्षा योग्य जागी बसलेल्या दोन-तीन यंत्रांनी हलक्या आवाजात बोलणे केव्हाही चांगले. मात्र ही यंत्रे मूळ राउटरशी शक्यतो तारेने जोडावीत. बिनतारी रिपीटर ऐकलेले पुन्हा बोलतो. एकाच चॅनेलवर हे करणारा साधा रिपीटर वेग साधारण निम्म्यावर आणतो. शिवाय तो सिग्नल नसलेल्या खोलीतच लावला, तर पुन्हा बोलण्यासाठी त्याला मुळात ऐकूच काही येत नाही. ही चूक मी स्वतःच्या घरी केलेली आहे. तो रिपीटर आजही माझ्या खणात पडून आहे.

भोके पाडण्यापूर्वी आम्ही तात्पुरती मांडणी करून पाहिली. विक्रेत्याकडून एक ॲक्सेस पॉइंट परतीच्या बोलीवर आणला, लांब तारेने राउटरला जोडला, उंच काठीला बांधून संभाव्य जागी उभा केला आणि पुन्हा साऱ्या खोल्यांतून फिरलो. दोन फुटी दगडी भिंतीत भोक पाडण्याचा खर्च आणि धूळ लक्षात घेता, हा अर्ध्या दिवसाचा खटाटोप फार स्वस्त पडतो.

त्यातून तीन जागा निश्चित झाल्या. पहिली पेढी : राउटर तिजोरीवरून उचलून आठ फूट उंचीवर, कपाट आणि शटर यांपासून दूर, आतल्या बाजूच्या भिंतीवर बसवला. दुसरी, वरच्या मजल्याच्या मधल्या वाटेतील छत. तेथून दोन्ही बिऱ्हाडे आणि अभ्यासाची खोली यांना जेमतेम एकेक भिंत ओलांडावी लागते. तिसरी जागा आम्ही काकींसाठी शोधत होतो. त्यांची खोली आणि गोदाम यांच्यामधील बोळाच्या छताला काठी लावली, आणि त्यांच्या खोलीत उणे ५५ मिळाले. त्याच वेळी गोदामाच्या दारात, जेथे ट्रक उभा राहतो, तेथे उणे ५८ आले. जी खोली यादीतच नव्हती, तिच्यासाठी निवडलेल्या जागेने पेढीची सर्वांत मोठी अडचण दूर केली. सहा यंत्रांच्या जागी दोनच नवी लागली.

गोदाम असलेल्यांसाठी एक इशारा. धान्यात ओलावा असतो आणि ओलावा २.४ गिगाहर्ट्झची लहर चांगलीच शोषतो. रिकाम्या गोदामात घेतलेले माप थप्पी छतापर्यंत गेल्यावर खोटे ठरते. म्हणून माप भरल्या गोदामात घ्यावे. ते शक्य नसेल तर हाती पुरेशी शिल्लक राहील अशी जागा निवडावी. घरातील माप संध्याकाळी सात ते नऊ या वेळात एकदा अवश्य घ्यावे. पेढी बंद झालेली असते, सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेली असतात आणि घरातला प्रत्येक फोन एकाच वेळी जागा होतो. पर्वाच्या दिवसांत प्रवचनाचे थेट प्रक्षेपणही याच वेळी चालते.

जोडणीचे काही नियम थोडक्यात सांगतो. तार कॅट-६ची, शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, ती टाळावी. एका तारेची लांबी १०० मीटरच्या आत असावी आणि ती विजेच्या तारांच्या नळीतून नेऊ नये. तारेतूनच वीज पुरवणारा स्विच घेतला, तर प्रत्येक ॲक्सेस पॉइंटजवळ सॉकेट लागत नाही. फायबरचे यंत्र, राउटर आणि तो स्विच एवढेच एका लहान यूपीएसवर ठेवले की भारनियमनातही सारे घर जोडलेले राहते. जुनाच एखादा राउटर वापरायचा असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' निवडावा. अन्यथा घरात दोन वेगवेगळी जाळी तयार होतात आणि वरच्या मजल्यावरून पेढीचा प्रिंटर सापडत नाही.

तिन्ही यंत्रांना नाव आणि पासवर्ड एकच द्यावा, म्हणजे चालता चालता फोन आपोआप जवळचे यंत्र धरतो. चॅनेल मात्र वेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर परस्परांत न मिसळणारे चॅनेल १, ६ आणि ११ हे तीनच आहेत. त्या पट्ट्यावरील शक्ती कमाल न ठेवता मध्यम ठेवावी. नाहीतर फोन वरच्या मजल्यावर जाऊनही पेढीच्या राउटरला चिकटून बसतो. कॅमेरे, बिलाचा संगणक आणि टीव्ही यांसारख्या जागच्या जागी असणाऱ्या वस्तू तारेवर घ्याव्यात. हवा फिरत्या फोनसाठी मोकळी राहते. ग्राहक आणि हमाल यांच्यासाठी पाहुण्यांचे वेगळे जाळे चालू करावे. हिशेबाचा संगणक आणि येणारा-जाणारा फोन एकाच जाळ्यावर असणे, म्हणजे गल्ल्याची किल्ली गादीवर ठेवण्यासारखे आहे.

यंत्रे जास्त लावली तर काय बिघडले, असे दादांनी विचारले होते. बिघडते. चॅनेल मोजकेच, चौथे, पाचवे यंत्र पहिल्यांच्याच चॅनेलवर बोलू लागते आणि एकमेकांना थांबवते. परिग्रह वाढला की अशांती वाढते, हे तत्त्व येथे अगदी शब्दशः लागू आहे. जेथे एक पुरते तेथे दुसरे लावू नये. आणि जेथे एकही पोहोचत नाही, तेथे आधी पाहावे.

तेव्हा वाचकांना विनंती अशी की खरेदीपूर्वी एक रविवार द्यावा. घराचा नकाशा काढावा, तारेवर वेग तपासावा, प्रत्येक खोलीत उभे राहून आकडा लिहावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी. दरपत्रक देणाऱ्याला आधी सगळे घर फिरवून आणावे. आणि कोणाला काय हवे, ही यादी करताना, जे मागत नाहीत त्यांच्या खोलीत जाऊन स्वतः माप घ्यावे.

मार्गशीर्षात पुन्हा बार्शीला जाणे झाले. संध्याकाळी पेढीवरून आत आलो तेव्हा जिना रिकामा होता. मागच्या खोलीतून लहान मुलाचे हसणे ऐकू येत होते आणि काकी त्याला णमोकार मंत्र म्हणायला शिकवीत होत्या. आवाज एकदाही तुटला नाही.

जय जिनेंद्र.